वाचक विचारतात : गुगलचं वरचं उत्तर, ग्रुपवरचं एपीके आणि आपली माहिती

प्रश्न : सोयाबीनच्या तणनाशकाचं प्रमाण फोनला बोलून विचारलं, तर एकही लिंक न उघडता वरच तयार उत्तर आलं : ‘इमॅझेथापायर १००० मिली’. कृषी सेवा केंद्रवाले ४०० मिली सांगतात. कुणाचं ऐकावं? (शेतकरी, औसा, जि. लातूर)

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि घोळ तिथंच आहे. इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण) हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली लागतं. ‘हेक्टरी’ हा शब्द उत्तरात गळाला किंवा वाचायचा राहिला, की एकराला अडीच पट मात्रा पडते. पीक पिवळं पडतं, वाढ खुंटते आणि जमिनीत उरलेल्या अंशाचा फटका मागून येणाऱ्या ज्वारीलाही बसू शकतो. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. तरी बाटलीसोबतचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय औषध मोजू नका. टक्केवारी बदलली की मात्राही बदलते.

गुगलच्या शोधात असे एआय सारांश भारतात २०२४ पासून दिसू लागले. ते कुणी कृषी अधिकारी लिहीत नाही. यंत्र चार-सहा पानांतले तुकडे उचलून वाक्यं जुळवतं. एक पान हेक्टरचं, दुसरं एकराचं, तिसरं भलत्याच देशातलं. एकक बदललं हे त्याच्या ध्यानात येईलच असं नाही. भावाचंही तेच. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८. जुनं पान उचललं गेलं की जुनाच आकडा ठासून सांगितला जातो. शिवाय हमीभाव म्हणजे काही लातूरच्या मोंढ्यातला आजचा भाव नव्हे.

म्हणून विचारतानाच ‘प्रति एकर’ आणि औषधाची टक्केवारी बोला. उत्तराशेजारची लिंकची खूण दाबून मूळ पान उघडा. तारीख आणि एकक तपासा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस सापडली तर ती आधी धरा. सारांश नकोच असेल तर शोधपट्टीखालची ओळ सरकवून ‘वेब’ निवडा, तिथं नुसत्या लिंक येतात. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा नंबर मात्र असा शोधूच नका. खोटे नंबर पानोपानी पेरलेले असतात आणि सारांश तेही उचलू शकतो. पासबुकावरचा, कार्डामागचा नंबर वापरा.

प्रश्न : गावच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली. सासऱ्यांनी ती उघडून इन्स्टॉल केली. आता ॲप काढायला गेलं तर निघत नाही. (गृहिणी, माजलगाव, जि. बीड)

उत्तर : पुढचं वाचण्याआधी त्या फोनचं मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करा, सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायची फाइल. नुसती फाइल डाउनलोडमध्ये पडून असती तर पुसून भागलं असतं. इन्स्टॉल करताना ती एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. पहिल्या परवानगीनं ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. दुसरीनं ॲपला पडद्यावरचं सगळं दिसतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. काढायला गेलं की ॲपच पान बंद करून टाकतं. निघत नाही ते त्यामुळे.

दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेच्या अंगावर जातं, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा : बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट धरून ठेवलं की तो पर्याय येतो. त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’तून त्याची परवानगी काढा, मग ॲप काढा. एवढ्यावर आम्ही थांबणार नाही. फोटो आणि नंबर उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा, कराच. व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा, आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. सगळं होईपर्यंत पासवर्ड आणि पिन त्या फोनवरून बदलू नका.

प्रश्न : इनकॉग्निटोमध्ये कर्जाची माहिती शोधली, तरी दुसऱ्या दिवसापासून कर्जवाल्यांचे फोन. (विद्यार्थी, सेलू, जि. परभणी)

उत्तर : इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, फक्त तुमच्या फोनात नोंद ठेवत नाही. वेबसाइटला आणि नेटवर्क कंपनीला तुम्ही दिसताच. पण फोन यायचं कारण बहुधा वेगळं : ‘पात्रता तपासा’ म्हणून भरलेला नंबर. त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या खुणेनं तो पुढे वाटायला संमती जाते. १९०९ ला इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवून जाहिरातीचे कॉल बंद करा. गुगल खात्यात ‘डेटा आणि गोपनीयता’त जाऊन वेब हालचालींना ३ महिन्यांचं आपोआप पुसणं लावा. एआय चॅटमध्ये सातबारा किंवा पासबुकाचा फोटो टाकायचं मात्र टाळा. काही संवाद सुधारणेसाठी माणसंही वाचतात.

प्रश्न : नव्या कायद्यानं कंपनीकडची आपली माहिती पुसून घेता येते म्हणे? आणि झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केलेल्या आधारचं काय? (निवृत्त शिक्षक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती बघणं, दुरुस्त करणं, पुसून घेणं हे हक्क त्यात आहेत, पण मुख्य तरतुदींना नियम निघाल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे. आज लेखी मागणी जरूर करा, दंडाची धमकी मात्र अजून चालायची नाही.

झेरॉक्सच्या दुकानात शक्यतो शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. प्रिंट झाली की समोर उभं राहून त्यांच्या चॅटमधली आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधली फाइल पुसायला लावा, रिसायकल बिनही रिकामा करायला सांगा. बोटाच्या ठशावर पैसे काढत नसाल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशनला किंवा हयातीच्या दाखल्याला अंगठा लावायच्या आधी तो तात्पुरता उघडावा लागतो, नाहीतर यंत्र ठसा नाकारतं.