आयसीयूतल्या रुग्णाला सेप्सिस होणार हे एआय सहा तास आधी ओळखतं म्हणे. खरं आहे का? मग वडिलांच्या आयसीयूत ते का नाही?

तुम्ही वाचलेला 'सहा तास' हा आकडा बहुधा फिजिओनेट या वैद्यकीय डेटा खुला करणाऱ्या संकेतस्थळाच्या २०१९च्या स्पर्धेतून आलाय. अमेरिकेतल्या ४०,३३६ आयसीयू रुग्णांच्या तासातासाच्या नोंदी तिथे खुल्या केल्या होत्या आणि त्यावरून सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव ढासळू लागतात ती अवस्था, सहा तास आधी ओळखायचा होता. एमटेकला असताना मी त्या डेटावर सहा महिने घालवले, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही.

माझ्या पहिल्या मॉडेलचे आकडे झकास आले. मग ते नेमकं कशाच्या जोरावर ओळखतंय हे उघडून पाहिलं, तर लॅक्टेट नावाच्या एका रक्ततपासणीच्या. रक्तातलं लॅक्टेट सेप्सिसमध्ये बऱ्याचदा वाढतं, पण ते किती वाढलंय याच्याशी मॉडेलला फारसं देणंघेणं नव्हतं. लॅक्टेट तपासायला पाठवलंय, एवढंच त्याला पुरत होतं. या नोंदींत रक्ततपासण्यांचे बहुतेक रकाने रिकामे असतात. एखादा भरला, तर बऱ्याचदा त्या तासाला कुणाला तरी शंका आली म्हणून. माझं मॉडेल रुग्णाला सोडून डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत बसलं होतं!

आणि मूळ घोळ त्याहून खोल आहे. हार्ट अटॅकला ईसीजी आहे, ट्रोपोनिनची रक्ततपासणी आहे. सेप्सिसला अशी एक तपासणी नाही. संसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसादच बेताल होतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू ढासळायला लागतात, ही २०१६पासूनची व्याख्या. पण हे किती वाजता सुरू झालं? स्पर्धेत ती वेळ दोन खुणांवरून ठरवली होती. डॉक्टरांनी कल्चर (जंतू शोधायची तपासणी) आणि अँटिबायोटिकची ऑर्डर दिली ती एक, आणि अवयवांची अवस्था मोजणारा सोफा स्कोअर दोनने वाढला ती दुसरी. दोन्ही जवळपास असतील तर आधीची धरायची. म्हणजे घड्याळाचा एक काटा डॉक्टरच्याच हातात. तेव्हा 'सहा तास आधी' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कशाच्या आधी?

प्रत्यक्ष वापरातला गाजलेला फज्जा एपिक या हॉस्पिटलांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या सेप्सिस मॉडेलचा. २०२१ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तिथल्या रुग्णांवर तपासलं, तर सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण त्याच्या हातून निसटले होते. आणि इशारे मात्र दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांवर. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ट्र्यूज या सेप्सिसचा इशारा देणाऱ्या प्रणालीचे २०२२चे निकाल बरे होते. ज्यांच्या इशाऱ्याची डॉक्टरांनी तीन तासांत दखल घेतली, त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. पण ते गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे श्रेय मशीनचं किती आणि धावून आलेल्या डॉक्टरांचं किती, हे वेगळं काढणं अवघड.

मला मनापासून पटलेला प्रयोग चिमुकल्या बाळांवरचा आहे, दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या. हिरो नावाचा मॉनिटर फक्त हृदयाचे ठोके बघतो. निरोगी बाळाचे ठोके सारखे थोडे कमीजास्त होत असतात. संसर्ग पसरू लागला की ही चुळबुळ मंदावते आणि मधूनच ठोके एकदम खाली येतात. ३,००३ बाळांपैकी निम्म्यांचा स्कोअर डॉक्टरांना दाखवला, निम्म्यांचा लपवला, तेही चिठ्ठ्या टाकून. २०११च्या निकालात स्कोअर दाखवलेल्या गटात मृत्यूंचं प्रमाण १०.२ टक्क्यांऐवजी ८.१ आलं. ही खूण कुणाच्या ऑर्डरची वाट बघत नाही, ती थेट बाळाकडून येते.

आपल्याकडे का नाही? एक तर बऱ्याच आयसीयूंत तासाची नोंद आजही कागदी चार्टवर होते. मी पाहिलेल्या एका चार्टवर श्वासाचा दर रात्रभर २०, २०, २०. माणूस असा श्वास घेत नाही. दुसरं, त्या स्पर्धेतल्या बोस्टन-अटलांटाच्या रुग्णांवर शिकलेल्या मॉडेलने डेंग्यू, लेप्टो किंवा स्क्रब टायफससारखे इथले ताप कितीसे पाहिले असणार? पावसाळ्यात इथे ताप, घसरलेल्या प्लेटलेट आणि बिघडलेली किडनी यांची सरमिसळ रोजचीच.

वडिलांना भेटायला जाल तेव्हा सिस्टरना श्वासाचा दर आणि गेल्या सहा तासांतली लघवी विचारा. आणि ते कालपेक्षा असंबद्ध बोलताहेत, गुंगीत आहेत असं वाटलं, तर लगेच सांगा. त्यांचं एरवीचं बोलणं कसं असतं, हे त्या खोलीत फक्त तुम्हालाच माहीत आहे.