आधी मैदान, मग हॉटेल

प्रश्न : स्कॉटलंडचं ग्लेनईगल्स हॉटेल रेल्वेनं उभारलं, हे खरं का? आणि तिथल्या गोल्फच्या मैदानासारखं ग्रीन (चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याभोवतीची सपाट, बारीक कापलेली हिरवळ) आमच्या काळ्या मातीत जमेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : खरं आहे. कॅलिडोनियन रेल्वेची ती कल्पना; गाड्यांना प्रवासी मिळावेत, हा सरळ हिशेब. पहिल्या महायुद्धात काम रखडलं. गोल्फपटू जेम्स ब्रेडनं आखलेली किंग्ज आणि क्वीन्स ही गोल्फची मैदानं १९१९ मध्ये सुरू झाली, हॉटेल १९२४ मध्ये. तोवर कंपनीच १९२३ च्या विलीनीकरणात एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) या बड्या रेल्वे कंपनीत जिरली होती! दुसऱ्या महायुद्धात तिथे रुग्णालय होतं. २०१४ चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका ही गोल्फची लढत) मात्र ब्रेडच्या नव्हे, तर अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलसनं आखलेल्या नव्या मैदानावर झाला. इथे हटकून गल्लत होते.

ग्रीनचं म्हणाल, तर तिथली जमीन मुळातच रेताड, पाणी आपसूक निथळतं. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ग्रीनची पातळी बिघडते. म्हणून ती खणून काढा. तळाशी छिद्रांचे पाइप, वर १० सेंमी खडी, त्यावर ३० सेंमी वाळूचा थर. वाळू फार बारीक घेतलीत तर पाणी तुंबून मुळं कुजतात. गवत बर्म्युडाच लावा. तिकडचं थंड हवेचं गवत आपला मे महिना काढणार नाही.