डिकीची जागा न घालवता गाडीत न दिसणारी साउंड सिस्टिम कशी बसवावी?

पुढच्या सीटखाली मावणारा, आतच अ‍ॅम्प (सिग्नलची ताकद वाढवणारा भाग) असलेला ८ इंची सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर घ्या. सीएनजीवाल्यांना तर बहुतेक वेळा दुसरा मार्गच नाही, बऱ्याच गाड्यांत डिकी आधीच सिलिंडरने खाल्लेली असते. जाडी साधारण ७-८ सेंटीमीटर भरते. तरी सीट पुढे-मागे सरकवून टेपने मोजाच, कारण बऱ्याच गाड्यांत तिथूनच मागच्यांसाठी एसीची नळी गेलेली असते. स्टेपनीच्या रिंगमध्ये बसणारेही मिळतात, पण पंक्चर झालं की भर रस्त्यात आधी ते उपसा.

कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवा. सबवूफरला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट जोडायची सोय) असला की सिग्नल स्पीकरच्या वायरीतूनच मिळतो. वायरी कापू देऊ नका, कपलर (न कापता जोडायचा प्लग) मागा. वॉरंटीवरून वाद नको.

सबवूफरला करंट देणारी मेन वायर थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो सीटखाली लावून देणारे महाभाग भेटतात. वायर मध्येच घासून बॉडीला टेकली, तर तिथला फ्यूज काय कपाळ वाचवणार?

दारांत कंपोनंट स्पीकर (बारीक सुरांचा ट्वीटर वेगळा असलेले) मूळ जाळीमागेच बसतात. पत्र्याची थरथर थांबवणारी डॅम्पिंग शीट लावताना दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजतं.