वाचकांचे प्रश्न : रिपोर्टातला ‘स्पिंडल’

प्रश्न : आईच्या जठरात ४ सेंमीची गाठ सापडली. दुर्बिणीतून तुकडा काढला. रिपोर्टात ‘स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करावे’ एवढंच लिहिलंय. हा कोणता कॅन्सर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हे रोगाचं नाव नाही, पेशीच्या आकाराचं वर्णन आहे. स्पिंडल म्हणजे टकळी. सूत भरलेली टकळी डोळ्यांसमोर आणा : मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तशा दिसल्या, इतकंच पॅथॉलॉजिस्टने सांगितलंय. गर्भाशयातल्या साध्या फायब्रॉइडच्या पेशी अशाच असतात, मज्जातंतूच्या आवरणावरच्या निरुपद्रवी गाठीच्याही, आणि काही सार्कोमांच्याही (स्नायू, चरबी अशा ऊतींचे कॅन्सर). म्हणून या दोन शब्दांवरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. नाव आयएचसीनंतरच ठरेल.

या तपासणीत पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहतात. जठरात पहिला संशय ‘जिस्ट’ या, जठर-आतड्यांच्या भिंतीत वाढणाऱ्या गाठीचा असतो. सीडी११७ आणि डॉग१ हे दोन्ही रंगले तर बहुतेक तीच. हे कोरे राहून डेस्मिन रंगलं तर गाठ स्नायूची, एस१०० ठळक रंगलं तर मज्जातंतूच्या आवरणाची.

जिस्ट ठरलीच, तर पुढच्या रिपोर्टात दोन आकडे शोधा : गाठीचा आकार, आणि ५ चौरस मिमी भागात विभाजन चाललेल्या किती पेशी दिसल्या. जठरातली गाठ ५ सेंमीपर्यंत आणि अशा पेशी ५ पर्यंत असतील तर ती पसरण्याचा धोका कमी धरतात. पण दुर्बिणीतून काढलेला तुकडा एवढासा असतो की त्यात ५ चौरस मिमी गाठ बऱ्याचदा भरतच नाही. खरी मोजणी शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गाठीवर होते.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका, तुकडा ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक आणि त्याच्या कापांच्या काचा मागून घ्या. नवे रंग ब्लॉकच्या कापांवरच करता येतात. आणि गाठ कधी तुमच्या हातून प्रयोगशाळेत पोचवायची वेळ आली, तर बरणीत गाठीच्या निदान दहापट फॉर्मॅलिन आहे का ते पाहा. कमी पडलं की आतला भाग सडू लागतो, आणि मग रंगांवर भरवसा ठेवता येत नाही.

प्रश्न : मुलाच्या झोपेतल्या ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या आलेखात) ‘स्लीप स्पिंडल्स’ आढळले. हे फिट्सचं लक्षण आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. असायलाच हवेत ते. झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात मेंदूतल्या थॅलॅमसमधून सेकंदाला ११ ते १६ लहरींचा झुबका उठतो, किमान अर्धा सेकंद टिकतो. लहरी चढत जातात आणि उतरतात, म्हणून कागदावर टकळीचा आकार उमटतो. ते एकाच बाजूला सतत गायब असतील तर मात्र डॉक्टर कारण शोधतात. झोपेच्या काही गोळ्यांनी ते वाढतात, त्यामुळे चालू औषधं तंत्रज्ञाला आधी सांगा. तपासणीला जाताना केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका.

प्रश्न : मुलीला रक्ताच्या कॅन्सरसाठी व्हिन्क्रिस्टीन चालू आहे. प्रत्येक डोसाआधी डॉक्टर घोट्यामागे हातोडी का मारतात?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इथे दोन वेगळे स्पिंडल एकत्र येतात. पहिला पेशीतला : पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे तुर्कतंतू शाळेच्या पुस्तकात पाहिले असतील. ते ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या बारीक नळ्यांचे बनतात. व्हिन्क्रिस्टीन त्या नळ्या जुळूच देत नाही. गुणसूत्रं मध्येच अडकतात आणि कॅन्सरची पेशी मरते. पण त्याच नळ्या मज्जातंतूंत रुळांचं काम करतात, पेशीपासून टोकापर्यंत माल नेतात. रुळ उखडले की सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं, म्हणजे पावलाचं.

दुसरा स्पिंडल पोटरीच्या स्नायूत : काही मिलिमीटर लांबीची पिशवी, आत बारीक स्नायुतंतू, त्यांच्याभोवती स्प्रिंगसारखा गुंडाळलेला मज्जातंतू. हातोडीने टाचेमागची कंडरा ताणली की पिशवी ताणली जाते, संदेश मज्जारज्जूत जाऊन परततो आणि पाऊल खाली झटकतं. हा झटका नाहीसा होणं ही या औषधाच्या त्रासाची बहुधा पहिली खूण. तेवढ्यावरून औषध थांबवत नाहीत. पाऊल लोंबू लागलं, जिना चढवेना, जबडा दुखू लागला, तर मात्र लगेच कळवा, डोस बदलावा लागू शकतो. बद्धकोष्ठताही यातलीच, कारण आतड्याचे मज्जातंतूही त्रासात असतात. शौचाला तीन दिवस झाली नाही तर वाट पाहू नका. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल अशी बुरशीवरची औषधं सोबत घेतल्यास विषारीपणा वाढतो.

व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून देतात. पाठीच्या कण्यात गेलं तर जीव जातो. त्याच दिवशी कण्यातलं दुसरं इंजेक्शन ठरलं असेल, तर दोन्ही वेगवेगळ्या वेळी देणार ना, हे निःसंकोच विचारा.

हे औषध अंगणातल्या सदाफुलीतूनच मिळालं. मात्र पानांत ते अत्यल्प असतं आणि सोबत इतर कितीतरी अल्कलॉइड्स, तेही किती ते ठाऊक नसलेल्या प्रमाणात. मुलीला पानांचा रस देऊ नका.