शब्दांची विचारपूस : क्वारंटीनमधले चाळीस दिवस

प्रश्न : 2020 साली पालिकेने आमच्या दारावर क्वारंटाईनचा कागद चिकटवला होता, मुदत 14 दिवस. परवा नातीच्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात पाहिलं, तर या शब्दाचा एक अर्थ विधवेचा घरात राहण्याचा हक्क! हे कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर : शब्दकोशाचं बरोबर आहे, आणि इंग्रजीत कायद्याचा तो अर्थच जुना. (उच्चार मात्र 'क्वॉरंटीन', 'टाईन' आपण केलं.) दोन्ही अर्थांच्या मुळाशी चाळीस हा आकडा आहे. लॅटिनमध्ये चाळीस म्हणजे क्वाद्रागिंता, त्याचं इटालियनमध्ये झालं क्वारांता. आपलं चाळीस आलं संस्कृत चत्वारिंशत्‌वरून. दोघांच्याही पोटात 'चार' आहे. लांबचे का होईना, भाऊबंदच.

रोगाचा अर्थ बंदरांवरून आला. रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक. तिथे 1377 मध्ये नियम झाला, की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने महिनाभर शहराबाहेर थांबायचं. पुढे तिसाचे चाळीस झाले. तुमच्या दारावर 14 दिवस लिहिले, तरी नाव चाळिसाचंच राहिलं.

मला मात्र तो कायद्याचा अर्थ फार मोलाचा वाटतो. 1215 च्या मॅग्ना कार्टाचं, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेचं, सातवं कलम सांगतं : नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या घरात 40 दिवस राहता येईल, आणि तेवढ्या मुदतीत तिचा हिस्सा तिला नेमून द्यायचा. तोवर वारसाने तिला घराबाहेर काढायचं नाही.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली केली. एकदा एक बाई आली. तेराव्याची पंगत उठते न उठते, तोच दिराने तिची पत्र्याची ट्रंक अंगणात आणून ठेवली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात तिचं माहेरचं नाव, लग्नात लिहिलेलं. घर नवऱ्याने स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस. मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने तिला वाटा. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. इथे चाळीस दिवसांची मुदतही नाही, हे मी तिला समजावलं.

"म्हणजे मी हक्कानं राहायचं?" तिने दोनदा विचारलं. मग पदर खोचून उठली. संध्याकाळच्या एस.टी.ने घरी जाऊन तिने ट्रंक स्वतः उचलून आत नेली.