करंडा आजीपाशी का थबकला

प्रिय सई,

परवा आपल्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत होतीस. आजीपाशी आलीस, बोट कुंकवात बुडवलंस, आणि एका मावशींनी तुझा हात हलकेच बाजूला केला. "आजींना नको गं, त्यांना नुसता तिळगूळ दे." तू माझ्याकडे पाहिलंस. मी वाण वाटत राहिले.

रात्री तू दोन गोष्टी विचारल्यास. आजोबा गेले त्यात आजीचा काय दोष? आणि इंग्रजांशी एवढं लढणाऱ्या आपल्या माणसांपैकी या रीतीविरुद्ध कुणीच कसं लढलं नाही? पहिल्याचं उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं : काहीही दोष नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहायला बसले.

लढले, सई. इतके लढले की जिवाभावाची मैत्री त्यात तुटली.

आधी हे समजून घे की दीडशे वर्षांपूर्वी गोष्ट कुंकवापुरती नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न व्हायचं. नवरा पटकीने किंवा तापाने गेला, तर जिला त्याचा चेहराही नीट आठवत नसे अशी पोर जन्मभराची विधवा व्हायची. न्हावी बोलावून तिचे केस काढायचे, लाल आलवण नेसवायचं, सणासमारंभात तिने कुणाच्या समोर यायचं नाही. ही रीत मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचा कित्ता गिरवणाऱ्या घरांत होती. इतर बऱ्याच जातींत विधवेचा पाट लागत असे, म्हणजे तिला पुन्हा संसार करता येई. 1856 मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. पण कायदा कलकत्त्याला होतो आणि वाळीत टाकतात ते आपल्या आळीतले लोक.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात आपल्याच घरात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल जगवावं. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा झाली होती, आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांनाच नावं ठेवत होती. त्या रागातून ते पुस्तक आलं. तू ते कधीतरी वाचच. आज वाचलं तरी अंगावर येतं.

मला सगळ्यात हलवून टाकते ती 1890 ची मुंबईतली गोष्ट. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तिथल्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि ठरवलं की यापुढे विधवांचे केस आपण कापायचे नाहीत. विचार कर. रीत कुणाची, पोथी कुणाची, आणि वस्तरा मात्र यांच्या हातात. त्यांनी तो खाली ठेवायचं ठरवलं. भाषणं देणारे पुष्कळ होते, पण आपल्या हातून होणारा भाग थांबवणारे थोडे.

कारण ते अवघड असतं, मोठ्या माणसांनाही. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. 1873 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. सगळ्यांना वाटलं, आता हे विधवेशीच लग्न करतील. पण वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. लोकांनी त्यांना फार बोल लावले, आणि ते बोल योग्यच होते असं मला वाटतं. त्याच मुलीला त्यांनी घरातल्या बायकांचा विरोध सोसून शिकवलं. तीच रमाबाई रानडे, पुण्याच्या सेवासदनाच्या. या माणसाला एका वाक्यात चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही मला.

आता ती तुटलेली मैत्री. टिळक आणि आगरकर कॉलेजातले मित्र. सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता देशासाठी शाळा काढायची, हे दोघांनी मिळून ठरवलेलं. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, 1881 मध्ये केसरी, आणि केसरीचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात 1882 मध्ये दोघेही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र राहिले. इतकं सोबत सोसलेल्या माणसांत फूट पडली ती याच प्रश्नावर : आधी स्वराज्य, की आधी घर सुधारायचं?

टिळकांचं म्हणणं असं की परक्या सरकारला आपल्या घरात हात घालू द्यायचा नाही, समाज स्वतःच्या गतीने बदलेल. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. परक्याच्या कायद्याने सुधारायचं यात अपमान असतोच. पण 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला, तो नवऱ्याने बायकोशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी तिचं किमान वय दहावरून बारावर नेणारा. दहावरून बारा, सई! त्यालाही टिळकांनी विरोध केला. इथे मी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही. दहा वर्षांच्या मुलीला समाजाच्या गतीची वाट पाहायला सांगता येत नाही.

आगरकर 1887 मध्ये केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक हे स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. केशवपन, बालविवाह, बायकांचं शिक्षण, सगळ्यावर सरळ लिहिलं. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. जून 1895 मध्ये दम्याने ते गेले, चाळिशीही गाठली नव्हती. केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात काँग्रेस भरली. काँग्रेसच्या मंडपात समाजसुधारणेवर बोलणारी रानड्यांची सामाजिक परिषदही भरत असे, पण या वेळी विरोध इतका पेटला की रानड्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली. घरातल्या बायकांचा प्रश्न देशाच्या मंडपाबाहेर गेला. तू विचारलंस ना, कुणी कसं लढलं नाही? लढणाऱ्यांना 'नंतर बघू' म्हणून सांगितलं गेलं.

काहींनी मंडपाची वाट पाहिली नाही. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे. त्यांनी 1893 मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात शिकलेल्या. त्यांच्याच मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, 1900 मध्ये तो पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला, आणि कॉलेज सुटल्यावर ते पायी तिथे जायचे.

त्या हिंगण्याला आपल्या आजीची आत्या शिकली. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, माझ्याही लक्षात काल आलं. चौदाव्या वर्षी ती विधवा झाली, भावाने तिला तिथे नेऊन घातलं आणि ती शिक्षिका झाली. आजीला अक्षरओळख तिने करून दिली.

आज सकाळी आजी मेथी निवडत होती, तेव्हा मी तिच्याशेजारी बसले आणि परवाचं विचारलं. ती म्हणाली, "मला कुंकवाचं काही वाटत नाही गं. सवय गेली." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आमच्याकडे हळदीकुंकू असलं की आत्या मागच्या खोलीत वह्या तपासत बसायची. मला तिळगुळाची वाटी देऊन तिच्याकडे पाठवायचे. ती बाहेर का येत नाही, असं मी कधी कुणाला विचारलं नाही."

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तसंच करा असं सांगितलं. मला ते ठाऊक होतं. तरीही माझ्याच बैठकीच्या खोलीत मी मान खाली घालून वाण वाटत राहिले.

त्या मावशींना मी आज फोन करणार आहे. भांडायला नको, त्या मायाळू आहेत. पुढच्या वर्षी आजीला काय हवं ते आजी ठरवेल, एवढंच सांगेन. आणि रविवारी तू मोकळी असशील तर आजीच्या खोलीत जा. आत्याचा हिंगण्यातला एक फोटो तिने पेटीतून काढून ठेवला आहे.

तुझी
आई