वणवा लावायचा नाही म्हणता, मग वनखातंच का पेटवतं?

प्रश्न : आमचं गाव जावळी खोऱ्यात. जानेवारीत वनखात्याची माणसं येऊन डोंगराकडेचा गवताचा पट्टा जाळून गेली, आणि मार्चमध्ये शेजाऱ्याने बांध पेटवला, आग वर गेली, तर त्याला नोटीस! हा कुठला न्याय? आजोबा तर म्हणायचे डोंगर जाळला की गवत जोमात येतं.
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : राग समजतो, पण खात्याने जाळली ती जाळरेषा. वणवा गवत-पाचोळा खात पुढे सरकतो, खायलाच मिळालं नाही की थांबतो, म्हणून तो पट्टा आधीच रिकामा करून ठेवायचा. सगळी मेख वेळेत आहे बघा. आपल्याकडे वणव्याचा सीझन साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याच्या आधी पट्ट्यातलं गवत कापून वाळवायचं आणि वारा पडलेला असताना, आजूबाजूच्या गवतात अजून ओल असताना, माणसं ओल्या डहाळ्या घेऊन उभी करून पेटवायचं, मग आग पट्ट्याबाहेर जात नाही. मार्चच्या दुपारी मात्र हवा खडखडीत कोरडी, वारा उताराने वर चढणारा, त्यात ज्वाळा चढाकडे झुकून वरचं गवत आधीच भाजून ठेवते, म्हणून वणवा डोंगर चढताना अक्षरशः पळतो. चढ १० अंशाने वाढला की वेग जवळपास दुप्पट होतो. (विझवायला जाल तर आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका, प्लीज.)

आजोबांचं अर्धं बरोबर. जुना पेंढा जळून गेल्यामुळे मुळातून फुटलेले कोंब डोळ्यांत भरतात, गवत वाढलेलं नसतं, नुसतं दिसायला लागतं. दरवर्षी जाळत राहिलात तर झाडांची रोपं मरतात, कुसळी गवत माजतं, त्याला टोकदार कुसळं आल्यावर जनावर तोंड लावत नाही, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्यात. त्यापेक्षा दिवाळीनंतर गवत कापून गंजी घाला, चाराही झाला आणि वणव्याचं खाणंही गेलं.

आता सॅटेलाइटवरून आगीचे अलर्ट येतात, भारतीय वन सर्वेक्षण ते एसएमएसने पाठवतं, पण सॅटेलाइट दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो आणि छोटी आग त्याला दिसेलच असं नाही. त्यामुळे धूर दिसला की सरळ १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे, आणि शेजाऱ्यालाही नंबर देऊन ठेवा, नोटीस आली असली तरी.